सहा मिनिटं लाईन जाऊ नये म्हणून

तळेगावजवळच्या एका कंपनीत मी ड्रॉइंग काढायचं काम करते. यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं. अकरा वर्षं मी एकाच प्रकारच्या मशीनवर काढली. काळी, गुडघ्यापर्यंत उंच, वर उचलायला दांडा आणि वजन अठरा किलो. साध्या कॉम्प्युटरपेक्षा दांडगं असतं हे, वर्कस्टेशन म्हणतात. आमच्या विभागात अशी अकरा होती. मग नवीन आली आणि ही जिन्याखाली जाऊन बसली. भंगारवाला शुक्रवारी येणार असं कळलं तेव्हा मी डबा अर्धा टाकून साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, ती जुनी मशीनं मला द्या."

"अकराच्या अकरा? घरी काय कारखाना काढताय?"

"शाळेला हवीत. मुलींच्या."

माझं वाक्य संपायच्या आत त्यांनी सही केली. जिना उतरताना माझ्या लक्षात आलं, की शाळेला मी अजून विचारलेलंच नाही.

शाळा माझ्या थोरल्या नणंदेची. म्हणजे ती तिथली मुख्याध्यापिका. कामशेतच्या आत, वडिवळ्याच्या बाजूला, भातखाचरांच्या मधोमध बसकी शाळा आहे. मी फोन केला. ताई म्हणाल्या, "चालतात का पण?"

"पळतात," मी म्हटलं.

हे तितकंसं खरं नव्हतं. कंपनीने देताना सगळ्या डिस्क काढून घेतल्या होत्या, त्यांच्यात आमची ड्रॉइंगं होती ना. शाळेकडे मात्र गावातल्याच एका माजी विद्यार्थिनीने दिलेल्या अकरा कोऱ्या करकरीत डिस्क होत्या, बोटाएवढ्या, कॉम्प्युटरशिवाय वर्षभर कपाटात पडलेल्या. मला वाटलं, देवाघरचं लग्न जुळलं! टेम्पोने मशीनं गेली, मी एका रविवारी जाऊन डिस्क बसवल्या, बटण दाबलं, आणि अकराही मशीनं एकाच सुरात म्हणाली की डिस्क सापडत नाही.

डिस्क समोर होती. मी स्वतः स्क्रू पिळला होता. मशीनला ती दिसत नव्हती, एवढंच.

त्याचं कारण असं. मशीनच्या मुख्य बोर्डावर नखाएवढी एक चिप असते. बटण दाबलं की सगळ्यात आधी ती जागी होते आणि मशीनला सांगते, हा तुझा कीबोर्ड, हा पडदा, ही डिस्क, ऊठ. त्या चिपमध्ये लिहिलेल्या मजकुराला फर्मवेअर म्हणतात. आमच्या मशीनांतला मजकूर बारा वर्षांपूर्वीचा. बोटाएवढी डिस्क असू शकते हे तेव्हा तिला कोणी सांगितलंच नव्हतं. उपाय सोपा होता. बनवणाऱ्या कंपनीने पुढे काढलेला नवा मजकूर पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि चिपवर चढवायचा. सहा मिनिटांचं काम.

फक्त त्या सहा मिनिटांत वीज गेली, तर जुना मजकूर पुसलेला आणि नवा अर्धवट. मशीन मग बटणालाही ओळखत नाही. अठरा किलोचा दगड होतो त्याचा.

आणि वडिवळ्याच्या बाजूची वीज! शाळेत एक यूपीएस होता, तो दोन मिनिटं कुरकुरायचा आणि झोपायचा. इन्व्हर्टर ऑफिसातल्या पंख्यापुरता. मी ताईंना अडचण सांगितली. ताई म्हणजे तीस वर्षं शाळा चालवलेली बाई. त्यांनी सरळ वायरमनला बोलावलं.

वायरमनभाऊ निवृत्तीला आलेले, अंगाने काटकुळे, कमरेला पक्कड. भागातला प्रत्येक खांब त्यांच्या ओळखीचा. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, "म्हंजी आपरेशन हाय म्हना की."

"तसंच समजा."

"किती येळ?"

"एकेका मशीनला दोनदा सहा मिनिटं. अकरा मशीनं."

"एकदम न्हाई करता येत?"

"खोलीची वायरिंग तेवढं ओढेल का?"

त्यांनी बोर्डाकडे पाहिलं. "न्हाई. येकेकच करा. आन् शनवार-रयवार घेऊ नका. बंगलंवालं येत्यात, धा-धा गिझर लावत्यात, फ्यूज उडतोय. गुरवारी तर मेंटनन्स. मंगळवार घ्या. मंगळवारी हिकडं कुत्रं फिरत न्हाई."

दोनदा का, तेही सांगते, कारण पुढे त्यावरच गाडी अडली. बारा वर्षांचा जुना मजकूर एका दमात थेट नव्यावर नेता येत नाही. मध्ये एक पायरी असते, आधी ती चढवायची, मशीन बंद-चालू करायचं, मग शेवटची. सूचनांमध्ये ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. मी ते तीनदा वाचलं होतं आणि वहीत अधोरेखितही केलं होतं.

जानेवारीतला मंगळवार. मी रजा टाकली. नऊ वाजता शाळेत पोचले तेव्हा वायरमनभाऊ आधीच रस्त्यापलीकडच्या डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबांपाशी, दगडावर बसले होते. सबस्टेशनला फोन करून "हिकडची लाईन दुपारपातूर कुनी घ्यायची न्हाई, मुलींच्या शाळंत काम हाय" असं सांगून मोकळे झाले होते. आमचं ठरलं की फोन चालूच ठेवायचा.

"भाऊ, घेऊ का?"

"घ्या."

मी पहिल्या मशीनवर एंटर दाबलं. पडद्यावर एक पट्टी आली आणि मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. मजकूर चढत असताना मशीनचे पंखे पूर्ण वेगाने फिरतात, हे मी विसरले होते. सगळी खोली विमानतळासारखी घोंघावू लागली. शेजारच्या वर्गातल्या भूगोलाच्या बाई धावत आल्या, "काय पेटलं?" ताई दारात दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या, जणू कोणी आत येऊन वीजच घेऊन जाणार होतं. "कोणी काही लावू नका! ऑफिसातली किटली काढा!" त्यांनी ओरडून सांगितलं. फोनमधून भाऊ विचारत होते, "आवाज कसला? जिवंत हायत ना समदी?"

सहा मिनिटं. पट्टी भरली. पडदा काळा झाला, आणि मग एक बारीकशी शीळ. मशीन उठलं. मी पुढची पायरी चढवली, पुन्हा सहा मिनिटं, पुन्हा घोंघाट, पुन्हा शीळ. आणि पडद्यावर, जिथे रविवारी "डिस्क नाही" लिहून येत होतं, तिथे डिस्कचं नाव झळकलं.

"दिसली!" मी किंचाळले.

"काय दिसली?" भाऊ.

"डिस्क!"

"आरं वा!" पलीकडून टाळी वाजल्याचा आवाज आला. एकटा माणूस डीपीखाली बसून टाळ्या वाजवत होता.

त्यानंतर मला काय झालं कोण जाणे. एकावन्न वर्षांची बाई मी, कंपनीत मला कोणी मोठ्याने बोलताना ऐकलेलं नाही. पण दुसरं मशीन झालं तेव्हा मी एका पायावर गिरकी घेतली. तिसऱ्याला ताईंनी मला पेढा भरवला, तो स्नेहसंमेलनाचा उरलेला होता आणि खडीसारखा कडक होता, तरी गोड लागला. प्रत्येक मशीनमधली बटणाएवढी बॅटरीही मी बदलत होते, कारण जुनी संपल्यामुळे मशीनं तारीख विसरली होती आणि शाळेची पितळेची घंटा अजून घडायची होती अशा काळात वावरत होती. ताई प्रत्येक मशीनला आजची तारीख मोठ्याने सांगत. "मंगळवार गं बाई, मंगळवार!" पाचव्यापर्यंत आम्ही दोघी कशावरही हसत होतो. मधल्या सुट्टीत खिडकीला मुलींच्या वेण्याच वेण्या लागल्या. मशीन उठलं की बाहेरून आरोळी, आरोळी झाली की फोनमध्ये भाऊंचं "अजून येक!"

दहा मशीनं झाली. एकदाही वीज गेली नाही. मला वाटलं, आता माझा हात कोण धरतो!

अकराव्याला मी बोलता बोलता पेनड्राइव्ह लावला, ताईंना सांगत होते की मुलींना आधी चौकोन शिकवायचा की वर्तुळ. यादीत दोन फायली. मी खालच्या फाईलवर एंटर दाबलं. शेवटच्या पायरीवर. मधली पायरी चढवलीच नव्हती.

पट्टी सरकली, भरलीसुद्धा. पडदा काळा झाला. शीळ नाही. पंखा अर्धा सेकंद फिरला, थांबला, पुन्हा अर्धा सेकंद. समोरचा दिवा लाल होऊन आठ वेळा मिचकला.

"झालं का?" भाऊंनी विचारलं. "लाईन तर भक्कम हाय."

"भाऊ," मी म्हटलं, "लाईन गेली नाही. माझं डोकं गेलं."

मी ताईंना खरं ते सांगून टाकलं. वीज, बंगले, गिझर, कोणावर ढकलायला जागाच नव्हती. ताई खुर्चीत बसल्या. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि खांदे हलू लागले. मी घाबरले. मग कळलं की त्या हसताहेत. "म्हणजे अख्ख्या गावाची वीज धरून ठेवली," त्या कशाबशा म्हणाल्या, "आणि तूच..." पुढचं त्यांना बोलता येईना. मलाही हसू फुटलं, पण डोळ्यांत पाणी खरं होतं.

भाऊ डीपीवरून चालत आले. त्यांनी मेलेल्या मशीनभोवती एक फेरी मारली. "लोनावळ्यात एक चाचा हायेत. हाटेलांचं, बंगल्यांचं टीव्ही तेच नीट करत्यात. टीव्हीत बी असली चिप आसती म्हनं. चला."

"आत्ता?"

"मंग काय चतुर्थीला?"

मशीन आम्ही सतरंजीत गुंडाळून भाऊंच्या मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवलं. मी मागे बसून त्याला कवळ घातली होती. जुन्या हायवेने निघालो. वारा असा, की सतरंजीचं टोक सुटून माझ्या तोंडावर फडफडत होतं. कार्ला फाट्याच्या सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईने काच खाली करून विचारलं, "आजोबांना थंडी वाजतेय का?" भाऊ म्हणाले, "व्हय, ताप हाय." सिग्नल सुटला. वलवणपर्यंत मी हसत होते. आपण एक मशीन मारून आलो आहोत, ह्याचं जे दुःख व्हायला हवं होतं ते काही केल्या जमेना.

चाचांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन माणसं उभी राहिली की भरणारं. भिंतीभर पोट उघडे टीव्ही. चाचांच्या कपाळावर भिंगाचा चष्मा. मी काय केलं ते त्यांना सांगितलं, मधल्या पायरीसकट.

"घाई केलीत," ते म्हणाले.

"हो."

"मी पण करतो." त्यांनी मशीन उघडलं, टॉर्च मारला आणि भिंगातून पाहिलं. "ही बघा, आठ पायांची. टीव्हीसारखीच आहे. हिला चिमटा लावून बाहेरून लिहिता येईल. पण लिहू काय? कंपनीची फाईल अख्खी नसते. मला अशाच दुसऱ्या, चालू मशीनची चिप वाचायला लागेल. आणलंय का दुसरं?"

मी आणि भाऊंनी एकमेकांकडे पाहिलं. दहा चालू मशीनं होती, सगळी वडिवळ्याजवळ.

"जाऊन आनतो," भाऊ म्हणाले आणि उठलेसुद्धा.

चाचा हसले. "थांबा हो. तुम्ही मशीनं कशाला वाहताय? माझं सामान एवढंसं आहे." त्यांनी एक चिमटा, काडेपेटीएवढा एक बोर्ड आणि जुना लॅपटॉप पिशवीत टाकला, शटर ओढलं आणि स्कूटर काढली. आम्ही पुन्हा निघालो, पुढे भाऊ, मध्ये सतरंजीतले आजोबा, मागे मी, आणि आमच्या बरोबरीने चाचा, टोपी दातांत धरून. कामशेतच्या चौकात त्यांनी आम्हाला मागे टाकलं आणि वळून हात केला. साठी उलटलेला माणूस.

शाळेत पोचल्यावर भाऊ कोणी सांगायच्या आत पुन्हा डीपीवर गेले. चाचांनी दहांतलं एक मशीन निवडलं, उघडलं. ताईंचा चेहरा उतरला. "चालू असलेल्याला हात लावायलाच पाहिजे का?"

"फक्त वाचतो, मॅडम. पुसत नाही." त्यांनी चिमटा चिपच्या आठ पायांवर बसवला. लॅपटॉपवर आकडे धावू लागले. एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं आणि दोन्ही वाचनं ताडून पाहिली. "दोनदा एकसारखं आलं तरच खरं," ते म्हणाले. मग चिमटा मेलेल्या मशीनवर लावला. पुसलं. लिहायला सुरुवात केली.

निम्म्यावर आलो आणि ट्यूबलाईट फडफडली.

मी फोनवर ओरडले, "भाऊ!"

"मी न्हाई! मी न्हाई!" ते तिकडून ओरडले. "थांबा, बघतो!" फोनमधून धावण्याचा आवाज, धापा, कोणाला तरी दिलेली शिवी. ट्यूब विझली. ताईंनी माझं मनगट धरलं.

चाचा शांतपणे पडद्याकडे बघत होते. "लॅपटॉपला बॅटरी आहे, मॅडम," ते म्हणाले. "चिपला पण वीज हाच देतोय. गेली तर गेली तुमची लाईन."

पट्टी सरकत होती. बाहेर एक साठीला टेकलेला माणूस आमच्यासाठी खांबाकडे धावत होता आणि आत त्याची गरजच नव्हती. हे त्यांना कसं सांगायचं या विचारानेच मला उचकी लागली. दोन-तीन मिनिटांत ट्यूब परत पेटली. "आली!" फोन गरजला. "दिली मी!"

"वाचवलंत, भाऊ!" ताईंनी बिनदिक्कत ठोकून दिलं.

लिहून झालं. चाचांनी ताडून पाहिलं, चिमटा काढला आणि माझ्याकडे वळले. "बटण तुम्ही दाबा. मारलं तुम्ही, उठवा पण तुम्हीच."

मी दाबलं. पंखा फिरला. अर्धा सेकंद. एक सेकंद. थांबला नाही. आणि मग ती बारीकशी शीळ.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. चाचांनी टोपी छताकडे उडवली, ती पंख्यावर अडकली. मी भूगोलाच्या बाईंना मिठी मारली. त्या तिथे कधी आल्या होत्या देव जाणे. आणि तीस वर्षांत शाळेत कोणी पळायचं नाही असा नियम लावलेल्या आमच्या ताई साडी सावरत व्हरांड्यातून पळत गेल्या आणि त्यांनी घंटा बडवली. आनंदाने. दणादणा.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. शाळा सुटायला पाऊण तास होता. पण घंटा ती घंटा. वर्गावर्गांतून मुली दप्तरं घेऊन लोंढ्याने बाहेर पडल्या, शिक्षक खडू हातात धरून दारात, आणि फाटकाजवळ भाऊ त्या लोंढ्याच्या विरुद्ध दिशेने वाट काढत, "मशीन उठलं का? मशीन उठलं का?" असं प्रत्येकीला विचारत येत होते. ताईंनी मुलींना परत बोलवायला तोंड उघडलं, मग मिटलं. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "उद्या भरून काढू."

लॅपटॉपच्या बॅटरीची गोष्ट चाचांनीच भाऊंना चहा पिताना सांगितली. भाऊंनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजी मी उगाच पळालो?"

"उगाच नाही," चाचा म्हणाले. "ट्यूब पेटली, म्हणून पंख्यावरची टोपी काढता आली."

एक घोटाळा मात्र मागे राहिला. चाचांनी चालू मशीनची चिप जशीच्या तशी उतरवली होती, त्यामुळे तिचा ओळख क्रमांकही उतरला. दोन्ही मशीनं स्वतःला एकच समजू लागली. एक इंटरनेटला लागलं की दुसरं तुटायचं. मला ते पुढच्या शनिवारी ध्यानात आलं आणि क्रमांक हाताने बदलायला अख्खी दुपार गेली. मुलींनी तोवर त्यांना जुळ्या म्हणायला सुरुवात केली होती. ते नाव अजून टिकून आहे.

आता मी महिन्यातले दोन शनिवार तिथे जाते. घरून, म्हणजे वराळ्याहून तळेगाव, तिथून लोकलने कामशेत आणि पुढे सहा आसनी रिक्षा. मुली चौकोन आणि वर्तुळाच्या पुढे कधीच गेल्या. मागच्या महिन्यात मी त्यांना सांगितलं, घरातली कुठलीही एक वस्तू मोजा आणि मापांसकट काढून आणा. एकीने वडिलांच्या भातगिरणीतली कप्पी काढली होती. व्यास, जाडी, खाच, सगळं नेमकं, आमच्या कंपनीत चालेल असं. फक्त कप्पी जोडायच्या बोल्टांची चार भोकं राहिली होती. मी लाल पेनाने तिथे गोल केला आणि लिहिलं, "बोल्ट विसरलीस."

ती कागद घेऊन परत आली. "मॅडम, मी विसरले नाही. तिथं बोल्ट नाहीतच. पप्पांनी तारेने बांधलंय."

मी माझा लाल गोल खोडला आणि तिला तार काढायला सांगितली.